चुन्याखालचं जंगल

२ डिसेंबर २०१८, रविवार

पाचगणी, शाळेचे दिवस. शनिवार, म्हणजे केस धुवायचा दिवस. बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही मुली उन्हाकडे पाठ करून ओळीनं बसलेल्या. गुलू माझ्या वरच्या पायरीवर. माझे ओले केस तिच्या मांडीवर, आणि गुंता काढायच्या नावाखाली ती ते मनसोक्त ओढते आहे. सिस्टर ब्रिजेट त्यांचा तो काळा दगड घेऊन येतात — वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत त्यांच्या वडिलांना सापडलेला, त्यावर नेच्याचं अख्खं पान उमटलेलं. दगड हातोहात फिरतो. गुलू तो उलटासुलटा करून पाहते आणि म्हणते, "आमच्या डहाणूला असलं कायपण नाय. नुस्ते काळे धोंडे!" सगळ्या हसतात. उद्धटपणाची शिक्षा म्हणून सिस्टर तिला कोळशाचा धडा मोठ्यानं वाचायला लावतात. शेजारी बसून हसले म्हणून मलाही. केसांतून पाणी ठिबकतंय आणि आम्ही दोघी एका सुरात — कार्बोनिफेरस काळ, तीस कोटी वर्षांपूर्वीची दलदल, शंभर फूट उंच झाडं...

एवढंच. त्या दिवशी काहीच घडलं नाही. पण आज सकाळपासून तेच डोळ्यांपुढे आहे.

कारण गुलू जाणार आहे. ऑकलंडला. मुलीकडे. कायमची.

सकाळी तिचा फोन आला. गेल्या महिन्यापासून आपल्याकडे डहाणूत भूकंपाचे धक्के बसताहेत, ते फ्रेनीनं तिकडे टीव्हीवर पाहिलं. आधीच गेल्या वर्षी गुलू न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून वॉकर. "ममा, त्या वाडीत एकटी राहायचं नाही म्हणजे नाही," असा फ्रेनीचा हुकूम. गुलू मला म्हणते, "अरे, तिकडे तर आपल्यापेक्षा मोठे भूकंप होतात! मी तिला बोलली. ती बोलते, इथली घरं लाकडाची आहेत. म्हणजे काय, मी लाकडाखाली मरायचं?"

मी हसले. फोन ठेवला. चहा गार झाला होता.

नवरोजनंतर निघायचं ठरतंय. चिकूची वाडी भागानं कसायला देणार. घराला कुलूप.

९ डिसेंबर, रविवार

आज धीर करून विचारलं. घोलवडच्या रस्त्यानं रिक्षा करून वाडीवर गेले, जेवले, आणि जेवण झाल्यावर म्हटलं, "गुलू, माझ्याकडे ये राहायला. फ्रेनीला एकटेपणाचीच भीती ना? मग मी आहे की."

ती म्हणाली, "तुझा दुसरा माळा. लिफ्ट नाय. मला काय गवताच्या भाऱ्यासारखी दोरीनं वर ओढणार?"

"जिन्याला कठडा आहे—"

"मूई, मला इथून संडासात जायला अर्धा तास लागतो!"

खरंच आहे. तिथं विषय संपला. तिची जिवली भांडी घासता घासता हसत होती. जिवली वेवजी गावची, वीस-पंचवीस वर्षं गुलूकडे कामाला. तिच्यासमोर गुलू मला मूई, म्हणजे मेली, काहीही बोलते आणि जिवलीला ते फार आवडतं.

परत आले. जिना चढताना पहिल्यांदाच पायऱ्यांचा राग आला. हे घर आम्ही दोघांनी किती ओढाताण करून घेतलं! दशरथ शेवटपर्यंत म्हणायचे, "रेल्वेच्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा ठोकायची चोरी. इथं हवे तेवढे ठोक." ठोकले. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. खिळे सगळे आहेत.

१६ डिसेंबर

दोन धक्के. कपाटातल्या बशा किणकिणल्या. शैलेशचा ठाण्याहून फोन — "आई, टेबलाखाली बस." बसले. गुडघा धरला.

६ जानेवारी २०१९, रविवार

काय दिवस होता आजचा! कुठून सुरू करू?

गुलूच्या वाडीचं फाटक ते ओटा अशी जी लांब वाट आहे, तिच्या दोन्ही कडांना दगड लावलेले आहेत. अगदी तिच्या आजोबांपासून, म्हणजे बपावाजींपासून. दरवर्षी नवरोजच्या आधी त्यांना चुना लागतो. घराला रंग नसला तरी चालेल, दगडांना चुना हवाच. इतकी वर्षं पुटांवर पुटं चढून ते दगड न राहता मोठे पेढे झालेत.

आज जेवायच्या आधी चांगलाच धक्का बसला. आम्ही ओट्यावरच होतो. चिकूच्या झाडांवरून पाखरं एकदम उठली. थांबलं तेव्हा जिवली फाटकाकडून हाक मारत आली, "गुलबाय, दगडाचा चुना पडला!"

"पडू दे. तू नाय पडली ना?"

"या तं खरं. खाली कातडी हाये."

गेलो. म्हणजे मी गेले, आणि गुलू वॉकर आपटत मागून. वाटेच्या कडेचा एक मोठा दगड. त्याचं चुन्याचं कवच ताटाएवढं निखळून पडलेलं. खाली काळा दगड. आणि त्यावर खवले! शंकरपाळ्यांसारखे, एकाशेजारी एक, तिरक्या ओळींत, इतके रेखीव की वाटावं कुणी पट्टीनं आखलेत. प्रत्येक शंकरपाळ्याच्या मधोमध एक बारीक ठसा.

जिवली म्हणाली, "घोरपड."

गुलू म्हणाली, "सिमेंट. बपावाजीनं साच्यात पाडलं असणार. त्यांना असले नखरे भारी."

आणि मी? तीस वर्षं भूगोल शिकवणारी मी म्हणाले, "कुणीतरी कोरलंय."

तिघीही चुकलो! दुपारी परत येताना रिक्षात एकदम लख्ख आठवलं. सिस्टरांच्या पुस्तकातलं ते चित्र. नेच्याच्या पानाच्या समोरचं पान. खवल्यांच्या सालीचं झाड.

पण डहाणूत? शक्यच नाही. इथला सगळा खडक लाव्हाचा. मुलांना घसा कोरडा करून मीच सांगितलंय — तापलेल्या रसाचा खडक, त्यात पान टिकत नाही, पाऊल टिकत नाही.

शक्यच नाही. रात्री झोप येणार नाही.

७ जानेवारी

आली नाही.

९ जानेवारी, बुधवार

चुना काढायचा कसा? छिन्नी लावली तर साल जाणार. व्हिनेगर! शाळेत शिंपल्यावर टाकून दाखवायचे मी, मुलं फेस बघून टाळ्या पिटायची. घेऊन जायचं विसरले. गुलूला म्हटलं, घरात आहे का?

"नवसारीचा सरको आहे. उसाचा. तीन वर्षांचा जुना. तो मी धोंड्यावर ओतू?"

"थोडासा."

"माझ्या लग्नात पण एवढा नव्हता वापरला!"

पण आणला. स्वतःच ओतला. फेस आला, चुना फुसफुसला, आम्ही जुन्या टूथब्रशांनी घासत बसलो — मी स्टुलावर, जिवली उकिडवी, गुलू खुर्चीत बसून मुकादम. पुटं सुटत गेली. पांढरा, मग निळसर — एका वर्षी नीळ जास्त पडली होती म्हणे — मग पिवळट, मग पुन्हा पांढरा. "हा निळा फ्रेनी जन्मली त्या वर्षीचा," गुलू म्हणाली. "मी बाळंतीण, आणि बपावाजीच्या गड्यानं सगळी नीळ एकदम ओतली. वाट बघ काय दिसायची! आस्मान!"

सगळ्या वाडीला सॅलडचा वास.

दुसरा दगड साधा निघाला. तिसराही. चौथ्यावर पुन्हा खवले, पण बारीक. आणि पाचवा चपटा होता, घासता घासता त्याचा पापुद्रा सुटून माझ्या हातात आला आणि आत—

नेचा. मधली शीर, दोन्ही बाजूंना इवली इवली पानं, टोकाला निमुळती होत गेलेली.

गुलूनं दगड माझ्या हातातून घेतला. चष्मा वर केला, खाली केला. नंतर अगदी हळू, सिस्टरांच्या त्याच सुरात, इंग्रजीतून धड्याची पहिली ओळ म्हणाली. पाठ होती तिला! बावन्न वर्षांनी!

आम्ही इतक्या हसलो की जिवलीला वाटलं, सरको प्यायलो.

११ जानेवारी

श्रुतिकाला फोन केला. माझी विद्यार्थिनी, आता मुंबईच्या कॉलेजात भूविज्ञान शिकवते. फोटो पाठवले. उत्तर — "बाई, मस्त! पण हे डहाणूचं नाही. बेसॉल्टमध्ये नेचा? तुम्हीच मला पाच मार्क कापले होते यावर."

म्हटलं, तुला पाच मार्क परत देते, तू ये.

परीक्षा आहेत. फेब्रुवारीत येते म्हणाली.

२० जानेवारी, रविवार

फ्रेनीनं व्हिसाचं काम पूर्ण केलं. गुलूनं मला हे सांगितलं तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही. मीही खालीच पाहिलं. बरेच खडे निघाले.

मग म्हणाली, "वसू, तिकडे समुद्र उलट्या बाजूला आहे. सूर्य पाण्यातून उगवतो. मी संध्याकाळी कुठे बघायचं?"

म्हटलं, "दगड घासू या."

२ फेब्रुवारी, शनिवार

काल दिवसभर जमीन हलत होती. दुपारचा धक्का सगळ्यात मोठा. मी वाडीवरच होते, नशीब. तलासरीकडे तर माणसं घराबाहेरच. जिवलीच्या घराची मागची भिंत तडकली. ती नवऱ्याला, सुक्याला, घेऊन इकडेच आली. हातात कोंबडी.

गुलू म्हणाली, "ओट्यावर झोपा."

"छप्पर नको, बाय. झाडाखाली बरं."

मग काय, झाडाखाली पलंग, चटया, मच्छरदाण्या. गुलूचा पलंग सुक्या आणि मी मिळून बाहेर काढला. शैलेशला कळवलं, इथंच राहते. थंडी होती पण छान. सकाळी डोळा उघडला तर वर चिकू, आणि गुलू कोंबडीशी भांडत होती, पारशी गुजरातीत. कोंबडी ऐकत होती.

इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती मला. भूकंपात! कुणाला सांगायची सोय नाही.

जिवलीच्या भिंतीला बांबूचा टेकू लावायला सुक्या आज परत गेला. मातीचा गिलावा पुन्हा करावा लागणार. गुलूनं वाडीतले बांबू दिले.

१० फेब्रुवारी, रविवार

श्रुतिका आली! हातोडी, भिंग, टोपी. फाटकातून आत शिरली, पहिल्या खवल्यांच्या दगडापाशी गुडघ्यांवर बसली आणि उठेचना. शेवटी म्हणाली, "बाई, पाच मार्क."

खरं आहे! अस्सल आहे! कार्बोनिफेरसच्या शेवटाकडचा काळ, साधारण एकतीस कोटी वर्षं. ही साल त्या उंच झाडांची — पानं गळून पडली की प्रत्येक पानाच्या जागी एकेक शंकरपाळं राहायचं. आज त्यांचे नातेवाईक उरलेत ते बोटभर उंचीचे, शेवाळ्यासारखे. आणि हा नेचा त्यांच्याच पायाशी वाढणारा.

गुलूनं विचारलं, "फूल?"

"नाही."

"फळ? चिकू?"

"काहीच नाही. त्या काळी फुलंच नव्हती, आंटी."

"म्हणजे व्यापारी पण नाय, पाखरू पण नाय. सुखी झाडं!"

पण इथं आली कुठून? श्रुतिकानं वाटेच्या कडेला कमरेइतका खड्डा खणायला लावला. सुक्यानं खणला. आणि मग जे दिसलं ते मी मुलांना आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं, पण प्रत्यक्ष असं कधीच पाहिलं नव्हतं. वर पालापाचोळ्याची माती. तिच्याखाली राख, दाणेदार, करडी. राखेत जळका कोळसा आणि काळ्या पाटीच्या दगडाच्या चिपा. एका चिपेवर पुन्हा नेचा! त्याच्याखाली एकदम पिवळी रेती आणि शिंपले. खाडीचे, आजच्यासारखेच.

श्रुतिकानं माझ्याकडे पाहिलं. परीक्षक बघतात तसं.

मी म्हटलं, "जुनं वर आहे. नवं खाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा थर निसर्गानं घातलेला नाही. माणसानं आणून टाकलाय."

तेव्हा गुलू खुर्चीतून ओरडली, "बपावाजी!"

तिला आठवलं. आजोबांच्या वेळी ही वाट म्हणजे चिखल, पावसात बैलगाडी रुतायची. म्हणून त्यांनी स्टेशनाजवळच्या कोळशाच्या ढिगाजवळचा कचरा गाड्या भरभरून आणला. राख, आणि जळत नाही म्हणून इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमननं बाजूला फेकलेले दगड. राख वाटेवर, दगड कडेला. "फुकट मिळाला म्हणून खूश होते. मरेपर्यंत सांगायचे." आणि मला दशरथ आठवले. रेल्वेतली जुनी माणसं त्यांना सांगायची, पूर्वी इंजिनांचा कोळसा विलायतेहून बोटीनं मुंबईला यायचा, तिथून या लायनीवर. श्रुतिका म्हणाली, "जुळतंय. आपल्याकडच्या कोळशाबरोबर जिभेसारखी लांबट पानं येतात, ही नाही येत. ही युरोपातली. वेल्स असू शकेल. तपासून सांगते."

वेल्स! सिस्टरांची खाण!

नाही, तीच खाण असं कोण म्हणणार? श्रुतिका तर नाहीच म्हणणार. पण ही माझी रोजनिशी आहे, इथं मी म्हणते.

म्हणजे पाचगणीत गुलू डहाणूत काय नाही ते सांगत होती, तेव्हा ते तिच्या घराच्या वाटेवर चुना लावून बसलं होतं. सुट्टीत आली की त्याच दगडांवर एकेक पाय ठेवत ती उड्या मारायची. मी स्वतः मारल्यात.

तिला हे म्हटलं. "हां," ती म्हणाली, "आणि शिक्षा मला झाली. सिस्टरला बोलव वरून. माफी मागू दे."

१७ फेब्रुवारी, रविवार

सगळे दगड घासून झाले. सरको संपला, लिंबं संपली, चिंच वापरली. खवल्यांचे सात, नेच्याचे तीन, एक लांब पट्ट्यापट्ट्यांचं खोड — आणि बाकीचे तसेच, काही नाही, काळे धोंडे. गुलू त्यांच्यावर नाराज. "शंभर वर्षं फुकट चुना खाल्ला!"

२४ फेब्रुवारी, रविवार

वाडीवर असताना श्रुतिकाचा फोन, स्पीकरवर लावला. तिच्या कॉलेजच्या संग्रहालयाला सगळे दगड हवेत. नीट काचेत ठेवतील, खाली चिठ्ठी, गुलूचं नाव, आजोबांचं नाव. वाडी भागानं जाणार आहे, नवा माणूस पुन्हा चुना फासेल किंवा बांधाला लावेल — हे तिचं म्हणणं काही चुकीचं नाही.

गुलूनं ऐकून घेतलं. म्हणाली, "दोन घेऊन जा. एक साल, एक पान. बाकीचे नाय."

"आंटी, पण तुम्ही तर नसणार—"

"मी नसणार. ते असणार. बोटीत बसून आले, गाडीत आले, कोणी विचारलं त्यांना? आता बसले आहेत तर बसू दे."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "दगडाचं बरं असतं ग. उचलून कुठेही ठेव, तो तिथला होतो. माझ्याकडून नाय होणार, वसू."

पहिल्यांदा बोलली असं. तिनं मला थांबव म्हटलं नाही. ती म्हणणारच नाही. पाचगणीत ताप आला तरी पाणी मागायची नाही, उठून स्वतः घ्यायची आणि पडायची.

आणि मी फक्त तिचा हात धरला. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला? दुसऱ्या माळ्यावरचं घर.

५ मार्च

चुन्याचा प्रश्न! नवरोज जवळ आला. जिवली विचारते, "बाय, औंदा चुना लावायचा का नाय?" गुलू म्हणते लावायचा, ही वाट काळी कधी राहिली नाही. मी म्हणते, मग आपण घासलं कशाला! दोघी कडाकडा भांडलो. जिवलीनं तोड काढली — ज्यांत काही नाही त्यांना चुना, ज्यांत आहे त्यांना नाही.

"म्हणजे जे बिचारे साधे आहेत त्यांना नटवायचं," गुलू म्हणाली. "बरोबर आहे. आमच्यात पण असंच करतात."

२१ मार्च, गुरुवार

नवरोज आणि धुळवड एकाच दिवशी! वाटेच्या कडेनं पांढरा, काळा, पांढरा, पांढरा, काळा. गुलूनं दाराशी चॉकच्या भुकटीचे मासे काढले, म्हणजे जिवलीनं काढले आणि गुलूनं चुका काढल्या. शेवया, दही, उकडलेली अंडी. वेवजीहून जिवलीची नात नवशी आली होती, तिनं आल्या आल्या गुलूच्या पांढऱ्या साडीवर गुलाल उडवला. जिवलीचा जीव वरखाली. गुलूनं साडीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, म्हणाली, "मागून पण टाक. अर्धं काम काय करते?"

नवशीला खवल्यांचा दगड दाखवला. तिनं गालाला लावून पाहिला. गार आहे म्हणाली. मग विचारलं, हे झाड मेलं का?

गुलू म्हणाली, "नाय. बसलंय."

फ्रेनीचा व्हिडिओ कॉल आला. लाल-गुलाबी ममा बघून आधी किंचाळली, मग हसली, मग रडायला लागली. "ममा, तू इकडे आलीस की असं नाही करता येणार ना ग." गुलू म्हणाली, "तर मग मला कशाला नेते?" फ्रेनी म्हणाली, "कारण तू एकटी आहेस, ममा. तू परत पडलीस तर? मला इथं फोन वाजला तरी धडकी भरते."

चांगली मुलगी आहे. तिचंही काही चुकत नाही. हाच तर त्रास आहे.

गुलाल माझ्या कानात अजून आहे. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. इतक्या आनंदाच्या दिवशी शेवटी कुणीतरी निघायची तारीख बोलतं. दोन एप्रिल.

२५ मार्च, सोमवार

बॅगा माळ्यावरून काढल्या. निळी आणि तपकिरी. गुलू एकेक वस्तू हातात घेते आणि परत कपाटात ठेवते. दिवसभरात बॅगेत गेलं ते एक स्वेटर.

मला म्हणाली, "तू रोज येऊ नको आता. सवय कर."

"कशाची?"

"न येण्याची."

मी आलेच तशी उठून. राग आला होता. रिक्षावाल्याला घरचा पत्ता, मल्याण, सांगितला आणि वाटेत लक्षात आलं — राग तिचा नाही आला. मी तीन महिने तिला माझ्याकडे कसं आणायचं याचा विचार करतेय. जिना, कठडा, खुर्ची, अगदी तळमजल्यावरच्या शितलला घर बदलून दे म्हणायचंसुद्धा मनात येऊन गेलं. उलटा विचार एकदाही केला नाही! माझे पाय धड आहेत. खाली मी उतरू शकते.

घरी आले. दार उघडलं. भिंतींवर नजर गेली. सगळे खिळे. दशरथांच्या फोटोशी बोलले. ते काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, पण हसून म्हणाले.

उद्या फोन करायचा. गुलूला नाही — ती ऐकण्याआधीच नाही म्हणेल. आधी फ्रेनीला.

२९ मार्च, शुक्रवार

मी गेल्यावर या घरातलं कोणाला काय द्यायचं. शैलेश, घाबरून वाचू नकोस. रविवारी जातेय, घोलवडच्या रस्त्याला, गुलूच्या वाडीवर.

फ्रिज, गॅस — खालच्या शितलला. तिनं दोन दिवस माझं सामान बांधलं.

पृथ्वीगोल, भिंतीवरचे नकाशे — वेवजीच्या शाळेला. नवशी स्वतः घेऊन जाणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणते.

लोखंडी खाट, दोन्ही गाद्या — जिवली-सुक्याला.

घराची किल्ली — शैलेशला. भाडेकरू ठेव, पण भिंतीतले खिळे काढू द्यायचे नाहीत.

माझं ऐकून तिनंच रद्द केलेलं ऑकलंडचं तिकीट — फ्रेनीला. जपून ठेवणार आहे म्हणे, ममाला टोमणे मारायला.

गुलूला — एक भाडेकरीण, जी भाडं देणार नाही आणि उलट उत्तरं देईल. कबूल आहे तिला. "तोंड वर करून विचारायला एवढे महिने लागले, मूई?" एवढंच म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

मला — पश्चिमेकडची खोली.